रिटायरमेंट घोडीवरून

१ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी ८.
ठरलं. ३१ जानेवारीला रिटायर होऊन राहिलो. त्या दिवशी ऑफिसातून घरी घोड्यावर बसून येणार, लगाम स्वतःच्या हातात. मागच्या वर्षी मनोहरबाबू रिटायर झाले, ते फुलं लावलेल्या जीपमधून गेले. गळ्यात हार, तोंड उघडं, घोरत होते. आयुष्यभर फाइली इकडून तिकडे सरकवल्या, त्यांना तेच शोभतं. मी बडा बाबू आहे, ऑफिसचा हेडक्लार्क. सौंसर गावाने मला लक्षात ठेवलं पाहिजे.
अलकाला सांगितलं. ती म्हणाली, आधी स्कूटरवरून पडणं बंद करा. सौभाग्यवतीला व्हिजन नाही.

४ डिसेंबर.
मोबाइलवर घोडेस्वारीचे अकरा व्हिडिओ पाहिले. सोपं आहे. पाठ ताठ, टाचा खाली, आवाजात अधिकार. अधिकार आहेच. पाठीचं पाहू.

१६ डिसेंबर, सोमवार.
महिनाभर लग्नाचे मुहूर्त नाहीत, त्यामुळे लोधीखेड्याच्या रस्त्यावरच्या भिवाजीची वरातीची घोडी रिकामी. सकाळी साडेसहाला गेलो. नाव मैना. पांढरीशुभ्र, पापण्या लांब. तिने माझ्याकडे एकटक पाहिलं. ओळख पटली. भिवाजी म्हणाला, "ते साऱ्यायलेच तशी पाह्यते जी." माणसाचा जन्म घोड्यांत गेला, पण घोडा काही कळला नाही.

१८ डिसेंबर.
स्टुलावरून चढलो. पलीकडून उतरलो. मधे फार वेळ गेला नाही. दोष खोगिराचा. मखमल, वरून जरी, माणूस घसरणारच. भिवाजी म्हणतो, नवरदेव तर बसतात. नवरदेवाला दोन्हीकडून भाटवे-मेहुणे धरून असतात, हे त्याच्या डोक्यात येत नाही.

२० डिसेंबर.
गेलो नाही. थंडी. ऑफिसात वीरेंद्रने विचारलं, बडे बाबू, लंगडून काऊन राहिले? योगा, असं सांगितलं. माझ्यानंतर माझी खुर्ची त्याला मिळणार आहे. आतापासून तिच्याकडे अशा नजरेने पाहतो, जसा मुलगी पाहायला आलेला आहे.

२४ डिसेंबर.
चार मिनिटं बसून राहिलो! "मैना, चल" म्हटलं, चालली. "मैना, थांब" म्हटलं, थांबली. भिवाजीचं म्हणणं, दोर त्याने ओढला. जळतो. वर मलाच शिकवून राहिला, "तोंडानं नोका सांगू बाबूजी, टाचेनं सांगा." अडतीस वर्षं नोकरी केली, एकाही माणसाला टाचेने सांगायची पाळी आली नाही.

२ जानेवारी २०२५.
बसणं जरा कमी केलं आहे. घोडेस्वारीत आधी मनं जुळावी लागतात, हे व्हिडिओवाल्यांना ठाऊक नाही. रोज अर्धा तास तिच्याशी बोलतो. आज २००९ च्या प्रमोशनची पूर्ण हकीकत सांगितली. ज्याच्या नोटशीटमधल्या चुका मी दुरुस्त करत होतो, तोच माझा साहेब झाला. घरी ही गोष्ट तिसऱ्या वाक्यापुढे कधी गेली नाही. मुलगी ऋतुजा मोबाइल काढते, अलकाला कुकर आठवतो. मैना शेवटपर्यंत उभी राहिली. मग लांब श्वास सोडला. माझे डोळे भरून आले. भिवाजी म्हणाला, पोटात वारा असंन.

११ जानेवारी.
आज दोर सोडायला लावला. तीस पावलं स्वतंत्र स्वारी. पुढे शेजारच्याचा हरभरा. मैना त्यात शिरली आणि खाऊ लागली. चौदा वेळा "थांब" म्हटलं, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. माझी परीक्षा घेऊन राहिली होती, हे मला लगेच कळलं. शेतमालक मात्र आडमुठा. त्याला म्हटलं, अहो, हे ट्रेनिंग आहे. तो म्हणाला, मंग तुमच्या आंगनात करा.
संकल्प: उद्यापासून रोज दोन तास.

१२ जानेवारी.
कंबर.

१९ जानेवारी, रविवार.
मुहूर्त सुरू झाले. मैना रोज कुठल्या तरी वरातीत, काल मोहगावला होती. पाठीवर परके नवरदेव वागवून राहिली. मनात कोण आहे, ते मला माहीत. सकाळी थकलेली दिसली. मी ऑफिसातल्या राजकारणाबद्दल बोललो, तर डोळे मिटून ऐकलं. सगळ्या स्टाफला सांगून ठेवलं आहे: ३१ तारखेला पाच वाजता गेटवर हजर राहा.

३१ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी ७.
नीट लिहितो.
समारंभात साहेबांनी भाषणात मला दोनदा मुरलीधर म्हटलं. मी मोरेश्वर. कोणी दुरुस्त केलं नाही. मीही नाही. गेटवर मैना तयार होती. तिघांनी उचलून बसवलं, कारण फेटा वाकवता येत नव्हता. भिवाजीने दोर धरला. शोभेसाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं.
बस स्टँडपाशी वीरेंद्रने मैनाच्या पायाशी फटाक्यांची लड लावली. कुत्री पळाली. कापसाच्या ट्रॅक्टरवरचा माणूस खाली पडता पडता वाचला. मी तिच्या मानेला मिठी मारली आणि डोळे गच्च मिटले. मैनाने कानसुद्धा हलवला नाही. लड संपली, धूर गेला, ती तशीच उभी.
मी भिवाजीला म्हटलं, पाहिलं? याला विश्वास म्हणतात. महिनाभर रोज बोललो, त्याचं हे फळ.
भिवाजी खाली पाहत चालला होता. म्हणाला, "बाबूजी, ते बह्यरी हाय. पाच वर्स झाले. डीजेनं कान गेले तिचे. म्हनून तं वरातीत चालते."
मी विचारलं, अजिबात ऐकू येत नाही?
"ढोल वाजला तरी नाई जी."
मग मला आधी काऊन नाही सांगितलं?
तो म्हणाला, "तुमी इतके मन लावून बोलत होते. म्या म्हनलं, बोलू द्या."
उरलेला रस्ता फेटा सावरत बसलो. लोक हात हलवून राहिले होते. मीही हलवला असेल. दारात अलकाने ओवाळलं. कुंकू आधी मैनाला लावलं, मग मला.

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११.
सवयीने सहाला उठलो. बूट घातले, काढले. भिवाजीकडे गेलो नाही. ऑफिसात सोमवारपासून वीरेंद्र खुर्चीवर बसेल. बसो.
अलकाने विचारलं, आता दिवसभर घरीच राहनार काय जी? विचार करून सांगतो म्हटलं. ती अंगणात मेथी निवडून राहिली होती. समोर जाऊन बसलो. कालचं सगळं सांगावं, साहेबांचं, फटाक्यांचं, मैनाच्या कानांचं. सुरुवात कुठून करावी कळेना. शेवटी तोंड उघडलं, तर तिने एक जुडी माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, देठ वेगळे ठेवा.
ठेवले.