खूण मध्यावरच हवी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे म्हणून अर्धाच वाकलोय, उरलेला भेटीत करीन.) तुझी तब्येत कशी आहे, भावजींचा गुडघा काय म्हणतो, आणि भाचीने नोकरी बदलली की अजून नुसतीच बदलते बदलते म्हणते आहे, ते सविस्तर कळव. इकडे सगळं ठीक. तुझी भावजय तीन दिवस माझ्याशी बोलत नाही, तेवढी शांतता सोडली तर घर नेहमीसारखं चालू आहे. फोन न करता पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? शाळेतून निवृत्त झालीस, पण मुख्याध्यापिका काही तुझ्यातून निवृत्त झालेली नाही. पत्रात तुला मध्येच तोडता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण आहे.

तुझं पत्र पोचलं. सोबतचा नगरपालिकेचा संमतीचा कागदही पोचला. दुकान आपल्या दोघांच्या नावावर, म्हणून दोघांनी सही करावी, मिळेल ती भरपाई घ्यावी, मी साहेबांना दोन ओळींचा माफीनामा लिहून द्यावा आणि या वयात शहाण्यासारखं वागावं, असं तू लिहितेस. ताई, तू मोठी आहेस, तुझा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही (लग्नाच्या वेळचा एक सोडून). पण नाही म्हणजे नाही. तुझ्या कानावर काय गेलंय देव जाणे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. चष्मा लाव आणि बस.

आपल्या रस्त्याच्या टोकाला तो बंद पडलेला कापडाचा कारखाना होता ना, त्याची जागा एका मालकाने घेतली. तिथे चौदा मजली काचेचा बाजार होणार आहे. याला शहराच्या मध्यभागाचा पुनर्विकास म्हणतात. (मध्यभाग आधीच विकसित होता, त्यात आम्ही होतो, पण आम्हाला कोण मोजतो!) मालक म्हणतो, आधी रुंद रस्ता द्या, मग बांधतो. नगरपालिका म्हणते, घ्या की. तर आता आपला रस्ता छत्तीस कोटी खर्चून रुंद होणार. ही तीच नगरपालिका बरं का, जिला दुकानासमोरचा एक खड्डा बुजवा म्हणून मी सहा अर्ज दिले आणि सहाही वेळा ‘निधी उपलब्ध नाही’ असं छापील उत्तर आलं. तो खड्डा इतका जुना झालाय की गिऱ्हाईक पत्ता विचारताना खड्ड्यासमोरचा पेंटर म्हणूनच विचारतं. खड्ड्याला निधी नव्हता, काचेला आहे. दिव्याचे नक्षीदार खांब आहेत, बसायला बाक आहेत, कुंड्या आहेत. हे सगळं कुणाच्या पैशातून? सव्वीस वर्षं मी एकदाही न चुकवता भरलेल्या पट्टीतून. म्हणजे हातोडा माझ्या पैशाचा, डोकंही माझंच, मारणारा तेवढा त्यांचा. असं असताना मी हसून सही करू?

आणि रुंदी घेतायत कुठून, ते ऐक. पलीकडच्या बाजूला त्या मालकाचीच मोकळी जमीन आहे, कुंपणाची भिंत आणि आत गवत. तिकडचा एक वीतभर तुकडा घेणार नाहीत, तांत्रिक कारण आहे म्हणे. सगळे सात फूट आमच्या बाजूचे. आपलं दुकान अकरा फूट खोल. राहिले चार. चार फुटांत बोर्ड आडवा मावत नाही, शिडी उघडत नाही, आणि मी वळायचं म्हटलं तर आधी बाहेर यावं लागेल. घड्याळवाल्याचं दुकान आठ फुटांचं, त्याला एक फूट उरतोय. तो म्हणतो, भिंतीवरची घड्याळं भिंतीवरच राहू देईन, दुरुस्ती रस्त्यात उभा राहून करीन. हसायला येतं खरं, पण हसून झाल्यावर तो टेप काढून तो एक फूट पुन्हा मोजतो.

आता माझ्यावरच्या आरोपाकडे येतो. मागच्या महिन्यात नगरपालिकेचे धाकटे इंजिनियर साहेब दुकानात आले. पोरगेले आहेत, पिवळी टोपी डोक्याला मोठी होते. म्हणाले, रस्त्यालगतच्या बेचाळीस इमारतींवर लाल रंगात खुणा आणि आकडे काढायचेत, आम्ही खडूने जागा दाखवल्यात, तुम्ही रंगवा. कशाच्या खुणा ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, नळाच्या पाइपाच्या असतील. (सरकारी कामाला कशासाठी म्हणून विचारणारा माणूस पेंटर होत नाही, वकील होतो.) काम म्हणजे दुकानाच्या आतल्या डाव्या भिंतीवर एक उभा लाल पट्टा, त्याच्या शेजारी आकडा. बास. मी डबा, ब्रश, दोरी घेतली आणि सुरू झालो.

इथे आपल्या बाबांची शिकवण आड आली. तुला आठवतंय ना, ब्रश हातात द्यायच्या आधी बाबांनी मला वर्षभर नुसता मध्य काढायला शिकवलं होतं. भिंत असो, पाटी असो, ट्रकचा मागचा फळा असो, आधी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसायचा, मग दोरी धरून मध्य काढायचा, आणि पहिलं अक्षर त्या मध्याशी इमान राखून टाकायचं. कोपऱ्यात कशीतरी काढलेली खूण म्हणजे बाबांच्या लेखी चोरी. तर मी काय केलं? माझ्या सवयीप्रमाणे आधी भिंत पुसली. (होय, खडूही पुसला गेला. पुसलेल्या भिंतीवर खडू कसा राहील?) मग मध्य काढला आणि तिथे पट्टा ओढला. साहेबांचा खडू कुठे दाराच्या चौकटीला चिकटलेला, कुठे विजेच्या बटणाच्या डोक्यावर. असल्या जागी कुणी शुद्धीवरचा माणूस रंग लावतो का? आपल्या दुकानात तर मी आकड्याला पिवळी सावली दिली, घरचं काम म्हणून. स्वतःच्याच दुकानाचा निकाल मी तीन रंगांत काढला आणि दोन पावलं मागे जाऊन मान डोलावून बघत बसलो, इतका मी अजाण.

चार दिवस काम चाललं. मग प्रत्येकाला नोटीस आली: लाल खुणेपर्यंतचा भाग पाडला जाईल. त्या दिवशी मी दुकानात बसलो आणि दुपारपर्यंत उठलोच नाही. तुझी भावजय डबा घेऊन आली तेव्हा तिला म्हणालो, बघ, बाबांच्या दुकानाला मीच नख लावलं. ताई, साठीला टेकलेल्या पेंटरला नवीन ठिकाणी कोण ओळखणार? आता पाट्या यंत्रावर छापून मिळतात. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ते दुकान तिथे आहे म्हणून, ते उठलं की मीही उठलो. मला भीती वाटते, हे तुला सांगायला लाज कसली? पण भीती वाटते म्हणून सही करीन असं कुणी समजू नये. उलट भ्यायलो की मी जास्तच अडून बसतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

पुढे पाडायचा दिवस उजाडला. सुरुवात कोपऱ्यापासून, आणि कोपऱ्यावर त्या काचेच्या बाजाराचं विक्री कार्यालय. तिथून नगरपालिका फक्त दोन फूट घेणार होती, म्हणजे फुलझाडांचा वाफा. (आमच्यापाशी सात फुटांची भूक असलेला रस्ता तिथे पोचेपर्यंत आपोआप अल्पाहारी होतो.) गल्लीच्या बाजूची त्याची भिंत चाळीस फूट लांब, पांढरीशुभ्र. तिचा मध्य कुठे येणार? वीस फुटांवर. माझी खूण तिथे. बुलडोझरचा ड्रायव्हर फार सज्जन माणूस. लाल खुणेपर्यंत पाडायचं, एवढाच त्याला हुकूम. कार्यालयातली माणसं वाफाच जाणार म्हणून समोर चहा पीत उभी. त्याने वाफा घेतला, पायऱ्या घेतल्या, दर्शनी काच घेतली, स्वागताचं टेबल घेतलं, आणि आत मध्यावर काचेच्या पेटीत ठेवलेला चौदा मजली बाजाराचा तो नमुना आहे ना, चिमुकली झाडं, चिमुकली माणसं, चिमुकल्या गाड्या, त्याच्यापासून हातभर अंतरावर फावडं आलं तेव्हा धाकटे साहेब टोपी हातात धरून धावत सुटले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ड्रायव्हरने खाली उतरून खूण दाखवली. खूण एकदम सरळ होती, हे साहेबांनाही मान्य करावं लागलं.

तेव्हापासून काम बंद आहे. सगळ्या खुणा मोजल्या तर एकही नकाशाशी जुळेना. माझ्या खुणांप्रमाणे रस्ता केला तर तो आमच्यापाशी साडेपाच फूट, घड्याळवाल्यापाशी चार फूट घेतो आणि कोपऱ्यावर जाऊन काचेचा बाजार विकणाऱ्यांच्या पोटात शिरतो. रस्त्यावरचे सगळे दुकानदार मला वीर समजू लागलेत. घड्याळवाल्याने मला कृती समितीचा अध्यक्ष करून टाकलं. न्हावी दाढीचे पैसे घेत नाही. मी परोपरीने सांगतोय की बाबांनो, मी मुद्दाम काही केलेलं नाही, मी फक्त माझं काम नीट केलं, तर ते डोळे मिचकावतात आणि म्हणतात, हो हो, असंच सांगायचं. तू तरी डोळे मिचकावू नकोस.

आता येत्या बुधवारी सकाळी अकराला नगरपालिकेत सुनावणी आहे. मोठे साहेब म्हणतात, ‘अकुशलतेमुळे चूक झाली’ असं लिहून द्या, आम्ही तुम्हाला सोडतो, आठवड्यात खुणा दुरुस्त करतो आणि पाडायला लागतो. अकुशलता! चाळीस वर्षं ब्रश धरला मी! मुद्दाम केलं असं ठरलं तर माझ्यावर खटला, मग दुकानही गेलं आणि मीही गेलो. पण तिसरी वाट आहे. कामाच्या हुकुमात फक्त ‘लाल रंगात खूण व आकडा काढणे’ एवढंच आहे, नेमकं कुठे ते एका शब्दाने लिहिलेलं नाही. कारागिराने आपल्या रीतीने केलं आणि दोष हुकुमाचा, असं ठरलं तर सगळी मोजणी नव्याने, नकाशा नव्याने, हरकती नव्याने. मग आम्ही सगळ्या दुकानदारांनी एका सुरात विचारायचं, पलीकडच्या गवताला कसलं तांत्रिक कारण? म्हणून मी माफीनामा लिहिणार नाही. आकाश कोसळलं तरी लिहिणार नाही. माझ्या खुणेत चूक दाखवा, दोरी मी आणतो.

भावजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. राग मानू नकोस, मानलासच तर बुधवारनंतर मान.

तुझा हट्टी भाऊ

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. बुधवारी तू ये. दुकानाची तू अर्धी मालकीण, शिवाय मोठे साहेब तुझ्या शाळेतले, तुझ्या हातचा मार खाल्लेले, तू आत शिरलीस की ते अजूनही खुर्चीतून उठतील. तू फक्त एवढं सांगायचं की या माणसाला लहानपणापासून सगळं मध्यावर ठेवायची खोड आहे. तुला खोटं बोलावं लागणार नाही. वहीत नाव समासात न लिहिता पानाच्या मध्यावर लिहितो म्हणून तूच मला किती वेळा बडवलंयस.

ता. क. दुसरा. तू पाठवलेला संमतीचा कागद परत मागू नकोस. मागची बाजू कोरी होती, त्यावर मी लाल रंगाची छटा लावून बघितली.

ता. क. तिसरा. हा भावजींना वाचून दाखवू नकोस, आणि वाचून झाला की फाड. वर चार दिवस काम चाललं असं लिहिलंय, ते एक्केचाळीस खुणांचं. त्या निव्वळ सवयीने मध्यावर गेल्या, बाबांची शपथ. कोपऱ्यावरची बेचाळिसावी भिंत राहिली होती. ती मी पाचव्या दिवशी रंगवली, खिशात नोटीस घेऊन. खडूची खूण दोन फुटांवर मला लख्ख दिसत होती. मी ती ओल्या फडक्याने पुसली, दोरी काढली, वीस फूट मोजले आणि पट्टा ओढला. ताई, इतका सरळ पट्टा मी उभ्या आयुष्यात ओढलेला नाही. तू लवकर आलीस तर आत जायच्या आधी दाखवतो.