पाठीतली सुई आणि बिब्बा

शेंदूरजनाघाट
९ फेब्रुवारी

तीर्थरूप जमुनाबाईस,
धाकट्या भगवंताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझ्या सुनेचा, ज्योत्स्नाचा, फोन आला होता. अर्धा मला ऐकू आला, उरलेला नातीने, खुशीने, कानाशी ओरडून सांगितला. तू मोरीत घसरून पडलीस, खुब्याचं हाड मोडलं आणि अकोल्याच्या दवाखान्यात भरती आहेस, एवढं समजलं. तेव्हापासून चित्त ठिकाणावर नाही. सकाळी संत्र्याची बाग पाहायला व्यापारी आला, त्याला दोनदा राम राम केला आणि भाव विचारायचाच राहिला.

माझ्या कानांना फोन पुरत नाही म्हणून लिहितो आहे. खुशी कागदाचा फोटो काढून ज्योत्स्नाला पाठवील. तुम्हीही कागदावरच मोठ्या अक्षरात लिहा.

आता खरी गोष्ट. खुशी म्हणते की तुला पूर्ण झोपवणार नाहीत. पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करतील आणि तू जागी असताना ऑपरेशन करतील. बाई, हे कुठलं शहाणपण? तू अजिबात हो म्हणू नकोस. आमच्या योगेशच्या जन्माच्या वेळी शालूला पाठीत सुई दिली होती. योगेशला आता दोन पोरं झाली, पण हिची कंबर अजून धरते. ती स्वतः म्हणते की कंबर शेतात निंदण करून करून गेली, पण तिला काय समजतं?

मी आलो असतो, पण दवाखान्याच्या वासाने मला घेरी येते हे तुला ठाऊक आहे. आपली आई अशीच पडली होती आणि खाटेवरून उठलीच नाही, ते डोळ्यांपुढून जात नाही.

माया आहेच, सध्या तिच्यापेक्षा काळजी जड झाली आहे. उत्तर लगेच पाठव.

तुझा,
भगवंत

अकोला
१० फेब्रुवारी

ती. मामाजींस,
ज्योत्स्नाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं आणि घोटाळा झाला. ऑपरेशनच्या कागदावर सही करायला त्या तयार होत्या, आता म्हणतात की भगवंत हो म्हणेपर्यंत कागदाला हातसुद्धा लावणार नाही.

म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्हाला लिहिते. भूल देणाऱ्या डॉक्टर प्रतीक्षा म्हणून आहेत. त्या म्हणाल्या की दोन्ही रीती चालतात, म्हातारी माणसं दोन्हींतून बरी होतात. पण आईंना दमा आहे. पूर्ण झोपवलं तर घशात नळी घालून श्वास द्यावा लागेल, आणि त्यांची छाती आधीच नाजूक. म्हणून त्यांच्यासाठी पाठीतली सुई बरी. सुई बारीक असते, आधी कातडी बधिर करतात. कंबर जन्माची जाते ही भीती बहुतेकांना असते, तसं होत नाही, असं त्यांनी हसून सांगितलं. मात्र उशीर करू नका म्हणाल्या. पडून राहिलं की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात. तुमच्या आईंचंही तेच झालं असेल.

काल जांघेजवळ एक इंजेक्शन देऊन मोडलेल्या पायाची कळ मारली, तेव्हापासून आईंचं ओरडणं थांबलं. आज त्यांनी वरणात तिखट कमी आहे म्हणून मला बोलून घेतलं. पुढचं त्या सांगतात तसंच लिहिते:

भगवंता, मले भेव नाई लागून राहिलं. तुले कावून लागते? लानपनी विहिरीत पान्याचा गडवा पडला तं मीच उतरली होती, तू काठावर रडत होता. पण तू नाई म्हनशीन तं मी नाई करनार. पाठचा भाऊ एकच हाये मले. लवकर सांग बापा.

मामाजी, आता तुमच्या होकारावरच सगळं अडलं आहे.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
ज्योत्स्ना

(संत्र्यांच्या पेटीतली चिठ्ठी)

शेंदूरजनाघाट
१० फेब्रुवारी, संध्याकाळ

बाई, नमस्कार.

हो म्हणालो म्हणून फोनवर कळवलंच आहे. पडून राहण्यापेक्षा सुई परवडली. करून घे.

ही चिठ्ठी मात्र तुझी तू चष्मा लावून वाच, सुनेला दाखवू नकोस. आपला शुभम संत्र्याची गाडी घेऊन अकोल्याच्या बाजारात येतो आहे, त्याच्याजवळ पेटी दिली आहे. वरच्या थरात फडक्यात बांधलेली बाटली आहे, बिब्ब्याचं तेल. सुई जिथे देणार तिथे, कमरेवर, आदल्या रात्री चोळून घे. सुईची कळ मागे राहणार नाही. माझा गुडघा दरवर्षी यानेच चालतो. थोडं चरचरेल, ते सोसायचं.

फळं सगळ्यांना वाट. डॉक्टरीणबाईंनाही दे.

तुझ्या मायेचा भुकेला,
भगवंत

अकोला
१२ फेब्रुवारी

ती. मामाजींस,
सा. न.

वि. वि. लिहायला वेळ नाही आणि रागही आला आहे. आज सकाळी आईंना ऑपरेशनला नेलं आणि तसंच परत आणलं. सुई द्यायला पाठ उघडी केली तर कमरेवर हाताच्या पंजाएवढी कातडी लाल होऊन फोड आलेले. नर्सने विचारलं. मग डॉक्टर प्रतीक्षांनी विचारलं. शेवटी आई म्हणाल्या की भावानं पाठवलं, नाई कशी म्हनू? रात्री सोबतीला असते त्या मैनाबाईकडून त्यांनी चोळून घेतलं होतं, आणि मला पत्ता नाही.

फोड आलेल्या कातडीतून सुई घातली तर जंतू थेट मणक्यात जातील, म्हणून ती देता येत नाही. फोड बरे व्हायला दिवस लागतील आणि तेवढं थांबणं धोक्याचं. पूर्ण झोपवावं, तर सकाळपासून आईंची छाती घरघर करते आहे. उद्या सकाळी पुन्हा तपासून काय ते ठरवू म्हणाल्या.

आई उलट मलाच सांगतात की भगवंताला रागावू नको, तो घाबरतो. मामाजी, आता बाटल्या पाठवू नका. तुम्ही या.

रागातही तुमचीच,
ज्योत्स्ना

शेंदूरजनाघाट
१२ फेब्रुवारी

चि. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद.

पोरी, चूक माझी. मी तिचं भलं करायला गेलो होतो. आता झोपवायचं की जागं ठेवायचं, डॉक्टर म्हणतील ते करा, मला विचारू नका. बाईलाही सांग की भगवंताला विचारायचं नाही.

पहाटेच्या गाडीने निघतो, अमरावतीला बदलून अकोल्याला येतो. घेरी आली तर तिथेच येऊ दे, दवाखाना जवळच असेल.

माया ठेवावी म्हणायचं तोंड राहिलं नाही, तरी ठेवा.

भगवंतमामा

अकोला
१४ फेब्रुवारी

सौ. शालूस आशीर्वाद वि. वि.

खुशी तुला वाचून दाखवील, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. काल पोचलो तेव्हा बाईला आत नेऊन बराच वेळ झाला होता. ज्योत्स्नाने बाकावर बसवलं आणि सांगितलं की मैनाबाईचा हात एकाच अंगाने पोचला होता, त्यामुळे बाईच्या कमरेची डावी बाजू कोरी राहिली. डॉक्टरीणबाईंनी ती नीट तपासली आणि तिकडूनच तिरपी सुई देता येईल म्हणाल्या. छातीसाठी वाफ देऊन आत नेलं.

दार बंद, वर लाल दिवा. आतून ठोकल्याचा आवाज येतो असं ज्योत्स्ना म्हणाली. मला ऐकू आला नाही, पण बाई जागेपणी तो ऐकत होती. तोंडात पाणी घेतलं नव्हतं. घेरी येईल म्हणून बाकाची कड धरून बसलो होतो.

तेवढ्यात दार उघडलं आणि हिरव्या कपड्यातली नर्स बाहेर आली. ऑपरेशन चालू असताना कोणी बाहेर येतं ते कशाला? माझ्या डोळ्यांपुढे खाटेवरची आपली आई आली. मी उठून दाराकडे निघालो, ज्योत्स्नाने धरलं. नर्स सरळ माझ्याकडे आली आणि भगवंत तुम्हीच का, म्हणून कानाशी ओरडली. मी मान हलवली. ती म्हणाली की आतून तुमच्या बहिणीने विचारायला पाठवलं आहे, भगवंत आला असंन तं जेवला काय? नसंन जेवला तं त्याले म्हना, पयले जेवून घे, इथं मह्या पायाची दुरुस्ती होऊन राहिली, वेळ लागते.

शालू, हाड कापून राहिले होते आणि ती माझ्या जेवणाचं विचारत होती. झोपवली असती तर कोणी विचारलं असतं?

मी खाली गेलो आणि जेवलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, भाजी तिखट आहे असं वाढणाऱ्याला सांगितलं.

आज सकाळी तिला वॉकर, म्हणजे धरून चालायचा चार पायांचा घोडा, देऊन उभं केलं. मी बाजूला होतो. चार पावलं टाकून तिने मलाच विचारलं की थकला काय?

जीव आहे तोवर असाच लोभ राहू दे. बागेला पाणी देणे.

तुझा,
भगवंत