डावीकडचं फडकं

प्रिय चिमणे,

सायकलसाठी नंबरचा चष्मा कुठला घेऊ, असं तू विचारलंस त्याला बरेच दिवस झाले. तुझी आई म्हणते, एरवी सायकलचा विषय निघाला की या माणसाला गप्प बसवावं लागतं, आणि पोरीने आपण होऊन विचारलं तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. फोनवर सांगणार होतो. लावलाही, पण तुझा आवाज ऐकला की इकडचं तिकडचं विचारून ठेवून दिला. म्हणून शेवटी कागद घेतला. तूही हे जिन्यात उभं राहून घाईघाईत वाचू नकोस. नीट बसून वाच.

आधी तू विचारलंस ते सांगतो. दुकानात आपण ताठ उभे राहतो, आरशात बघतो, छान दिसतोय म्हणतो आणि चष्मा घेऊन येतो. सायकलवर मात्र मान खाली असते आणि नजर वर. रस्ता दिसतो तो काचेच्या वरच्या भागातून. माझ्या पहिल्या चष्म्याची वरची कड नेमकी रस्त्यावर यायची. खड्डा आधी फ्रेमच्या वर दिसायचा, मग फ्रेमच्या खाली, आणि मग मी त्यात असायचो. तेव्हा लाज सोड, दुकानातल्या स्टुलावर बस, हँडल धरल्यासारखी वाक आणि मगच ठरव. हेल्मेट बरोबर ने, पट्टे काड्यांवर दाबतात का ते बघ. मान जोरात हलव. घसरला तर जागच्या जागी परत दे. आपल्या घराण्यात नाकावर माशी बसत नाही, तिथे चष्मा कुठून टिकायला? नाकावरचं रबर चांगलं हवं.

गडद काळ्या काचांच्या नादी लागू नकोस. उन्हातून झाडांच्या सावलीत शिरलं की क्षणभर आंधळी कोशिंबीर होते. उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचा बऱ्या, पण त्यांनाही उजळायला वेळ लागतो. काच दगड उडून लागला तरी फुटणार नाही अशीच घे, त्यात काटकसर नको. चढावर थांबलीस की आतून वाफ धरते, म्हणून कडेला हवा खेळायला फट हवी. आणि आपला नंबर मोठा, तेव्हा गालापर्यंत वळलेल्या काचेत तो बसवला तर कडेचा रस्ता वाकडा दिसतो. त्यापेक्षा बाहेर साधी मोठी काच आणि तिच्या आत नंबरची छोटी फ्रेम, असं मिळतं. तुला तेच बरं. हे सगळं खरं आहे, चिमणे, आणि तरी मी नुसता वेळ काढतोय हेही मला कळतंय.

मध्यंतरी मी माझ्यासाठीच असा वळलेला चष्मा बघायला गेलो होतो. चष्मेवाली तरुण आहे, बोलकी आहे. साध्या आणि वळलेल्या चष्म्यातला फरक गिऱ्हाइकाला पटवायची तिची एक युक्ती आहे. आपण समोर भिंतीकडे बघत राहायचं. ती काचा पुसायचं केशरी फडकं आपल्या कानामागून हळूहळू पुढे आणते. दिसलं की सांगायचं. उजवीकडून लगेच दिसलं, मीही खूश. मग ती डावीकडे गेली, आणि मी आपला भिंतीकडे बघत उभा. वाटलं, ही फोनबिन बघत बसली की काय. शेवटी वैतागून म्हटलं, अहो, आणा की ते पुढे. मी मान वळवली तर फडकं माझ्या डोळ्याच्या शेजारीच होतं, आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं. चष्मा तिने विकला नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, मग मी हवा तसा बनवून देते, म्हणाली.

काचबिंदू आहे. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं लख्ख दिसतं, म्हणून पत्ताच लागत नाही. माझ्या डाव्या डोळ्याचं बाजूचं बरंच गेलंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाने राखता येतं. आई रोज थेंब घालते. एरवी मी चमचा खाली ठेवला तरी ओरडणारी बाई थेंब घालताना अगदी हळू बोलते, त्यावरून ती किती घाबरली आहे ते समजतं. सायकल सध्या भिंतीला टेकून आहे. मलाही भीती वाटते, लपवत नाही. पण माझ्या भीतीसाठी हे पत्र नाही.

डॉक्टरांनी शेवटी विचारलं, मुलं किती? मला वाटलं, सहज विचारतायत. ते म्हणाले, हे रक्तात उतरू शकतं, मुलीला तपासून घ्या. तेव्हापासून मला झोप नाही. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा स्वयंपाकघराच्या चौकटीवर खांदा आपटलास. आई हसून म्हणाली, वेंधळ्याची लेक वेंधळी. मग तुझा निरोप आला, उभ्या गाडीच्या आरशाला हँडल घासलं म्हणून, त्याखाली हसरी तोंडं. मीही उलट हसरं तोंड पाठवलं. दोन्ही वेळा डावी बाजू होती, चिमणे.

तुमच्या गटाची डोंगराची सहल जवळ आली आहे. त्या उतारावर जाण्याआधी डॉक्टरांकडे जा. चष्म्याचं राहू दे. नुसता नंबर बघू नका, डोळ्यातला दाब आणि बाजूचं दिसणं, दोन्ही तपासा, असं स्पष्ट सांग. एका यंत्रात डोकं ठेवायचं आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. न दिसता दाबू नकोस. मी भीतीपोटी दाबत सुटलो आणि सगळं परत करावं लागलं. एकटीला जायचं नसेल तर मी येतो, आईला घेऊन येतो. तू कळव फक्त. काही निघालंच तर वेळेवर कळेल, माझ्यासारखं उशिरा नाही. आणि काही नाही निघालं तर दुकानातला सगळ्यात चांगला चष्मा तुझा. आजवर तुला वेंधळी वेंधळी म्हणून किती चिडवलं. आता सकाळ-संध्याकाळ एकच मागणं मागतो, माझी पोर नुसती वेंधळीच निघू दे.

तुझ्या फोनकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
बाबा