रुश्दी मामाला मागणी

अम्मान, जबल लुवैबदे
मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

माझ्या आईचे धाकटे भाऊ आणि आमच्या घरातल्या काचेच्या समुद्राचे एकमेव पाणीपुरवठेदार, आदरणीय रुश्दी मामा यांना मुंधिरचा दोन्ही हात छातीवर ठेवून सलाम.

तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? बोटीचं इंजिन काय म्हणतं? (गुडघ्याची चौकशी आधी केली आहे, याची नोंद घ्यावी. मागच्या पत्रात इंजिनाची आधी केली म्हणून मामी रागावल्या होत्या.) डॉक्टरांनी मीठ बंद केलंय असं तुमच्या लेकीकडून, हनानकडून कळलं. समुद्राकाठी जन्म काढून अळणी जेवायचं म्हणजे कमालच झाली. आमच्याकडे सगळे मजेत आहेत. आमच्या सौ. नुहाची कंबर, चिरंजीव लैथची परीक्षा, माझं पोट, सगळं आपापल्या जागी आहे.

पाण्याचे सहाही कॅन गुरुवारच्या बसनं सुखरूप पोचले. मामा, तुमचे उपकार कसे फेडू? अकबाहून अम्मानपर्यंत चार तास वाळवंटातून समुद्र पाठवणारा मामा या शहरात दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही. बाकीचे लोक पाकिटातलं मीठ नळाच्या पाण्यात ढवळून समुद्र बनवतात. आमच्या माशांना माहेरचं पाणी मिळतं. आणि खरं सांगू? कॅन आले की आई काठी टेकत गॅलरीत येते, एकाचं झाकण उघडते, करंगळी बुडवते आणि जिभेला लावते. मग म्हणते, "दक्षिणेकडून भरलंय. आळशी झालाय तो, पूर्वी बोट घेऊन लांब जायचा." 'तो' म्हणजे तुम्ही. नाव घेत नाही. तीन वर्षं झाली.

मी या विषयात पडू नये असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून पडत नाही, नुसता काठावरून बोलतो. हनानच्या लग्नात तुम्ही वऱ्हाडाला रीतीच्या मटण-भाताच्या मन्सफऐवजी मासे-भाताची सयादिया वाढलीत. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या रुश्दीला बकऱ्यांची फार दया येते." तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "बाईसाहेब अम्मानला गेल्यापासून मासा गळ्याखाली उतरत नाही वाटतं." संपलं. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं एका भातावरून बोलेनाशी झाली. तिनं फोनजवळ बसायचं सोडलं, तुम्ही फोन करायचं सोडलंत, आणि मधल्या मध्ये मला दर महिन्याला सहा कॅन समुद्र मिळू लागला. "माशांसाठी पाठवतोय," असं तुम्ही म्हणता. बरं, माशांसाठी. मला मात्र या अबोल्यानं फार वाईट वाटतं, मामा. एकदा लिहून टाकलं, आता पुढे जातो.

आता एक कबुली. ती वाचण्याआधी खाली बसा आणि मामींना जवळ बसवा. तुम्ही लैथला वाढदिवसाला घेऊन दिलेली ती केशरी, पांढऱ्या पट्ट्यांची जोडी आठवते ना? मोठी ती बायको, लहान तो नवरा. लहान पण ऐटीत फिरायचा, मिशा असत्या तर पिळल्या असत्या, म्हणून पोरांनी त्याचं नाव 'रुश्दी मामा' ठेवलं. (प्रेमानं. शपथ.) तर गेल्या महिन्यात खाऊ घालताना झाकण उघडं राहिलं, बायकोनं उडी मारली ती थेट नुहाच्या शिवणाच्या टोपलीत. सापडली तेव्हा उशीर झाला होता. मी दोन दिवस जेवलो नाही, म्हणजे नीट जेवलो नाही. आणि या जातीत अशी रीत आहे की बायको गेली की नवरा हळूहळू स्वतःच बाई होतो आणि त्याहून लहान नर नवरा म्हणून शोधतो. मामा, रागावू नका, यात माझा काही दोष नाही, हे शास्त्र आहे. थोडक्यात, तुमच्या नावाचा मासा सध्या बाई होण्याच्या मार्गावर आहे.

म्हणजे एक लहान नर हवा. दुकानात मिळेना. आणि अख्ख्या लुवैबदेत तसा पिल्लू नर होता एकाच माणसाकडे, खालच्या मजल्यावरच्या फार्मसीवाल्या अबू सुहैलकडे, जो माझ्याशी दीड वर्ष बोलत नव्हता. (आमच्या घराण्याला अबोल्याचं वेडच आहे.) यात चूक पूर्ण माझी. याच अबू सुहैलनं मला हा छंद लावला. पाण्यातला खारेपणा कसा मोजायचा, प्रवाळाला दिवा किती तास द्यायचा, सगळं त्यानं हाताला धरून शिकवलं. आणि मी काय केलं? शुक्रवारी नमाजाहून येताना हाताला कोलोन चोपडलेलं, तो चहा करायला आत गेलेला, त्याच्या टाकीत एक प्रवाळ आडवा पडलेला. मी मदतीच्या भावनेनं कोपरापर्यंत हात घातला. संध्याकाळपर्यंत टाकीवर साबणासारखा फेस आला आणि दुसऱ्या दिवशी सहा वर्षं वाढवलेले त्याचे तीन प्रवाळ पांढरे पडले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त दार लावून घेतलं. त्या दिवसापासून मी जिन्यात त्याच्या पायांचा आवाज आला की किल्ली शोधण्याचं नाटक करत उभा राहायचो, आणि तो निघून गेला की घरात येऊन माशांशी बोलायचो. माशांशी किती बोलणार?

नुहा म्हणाली, "मुकाट्यानं चार वडीलधारी माणसं गोळा कर आणि मागणीचं रीतसर शिष्टमंडळ, जाहा, घेऊन जा. माफीही माग, नवरामुलगाही माग. एका खेपेत दोन कामं." मला पटलं. जाहाचं पुढारपण हज्ज मुफ्लिह यांच्याकडे दिलं. ते तुम्हाला माहीत आहेत, या वस्तीतली निम्मी लग्नं त्यांनीच मागून आणलीत. सोबत दोन निवृत्त मास्तर घेतले, त्यातला एक गणिताचा, गांभीर्यासाठी. सगळ्यांनी कोट घातले. मी हात साध्या पाण्यानं तीनदा धुतले.

अबू सुहैलनं दार उघडलं, आम्हाला पाहून पांढरा पडला, पण दारी आलेल्या माणसांना हाकलणारा तो नव्हे. बसवलं. कॉफी आली. रीतीप्रमाणे आम्ही कप समोर तसेच खाली ठेवले, ज्यासाठी आलो ते मिळेपर्यंत घोट घ्यायचा नाही. हज्ज मुफ्लिह उठले, घसा साफ केला, आणि मामा, त्या माणसाला आयुष्यात एकच भाषण पाठ आहे! "आम्ही आपल्या शीलवान, गुणी कन्येचा हात मागायला आलो आहोत," असं ते धडाधड बोलून गेले. आतल्या खोलीत काहीतरी फुटल्याचा आवाज आला. अबू सुहैलची धाकटी मुलगी युनिव्हर्सिटीत शिकते, तिच्या हातातला ट्रे होता. मी कळवळून हज्जचा कोट ओढला, "हज्ज, मुलगी नाही! मुलगा! मासा!" हज्ज खाली वाकून म्हणाले, "मुलगा? बाळा, मुलगा मागायला जाहा कधी गेली आहे का?"

आणि अबू सुहैलनं नेमकं हेच पकडलं. दीड वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला. म्हणाला, "म्हणजे नवरा माझ्याकडे आणि मुलगी तुझ्याकडे?"

मी म्हटलं, "मुलगी होते आहे. हळूहळू."

"मग लाज नाही वाटत? मागणी घालायला मी तुझ्या दारी यायचं की तू माझ्या? मी मुलाकडचा, जाहा मी आणायची! कप राहू द्या तसेच आणि चला!"

मामा, हज्ज मुफ्लिह यांच्या समोरची कॉफी गार झाली, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. जिन्यात ते भिंत धरून उभे राहिले होते. मला वाटलं, झालं, उरलीसुरली आशाही गेली.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात अबू सुहैल, कोट, टाय, मागे त्याचे दोन चुलत भाऊ, एक इमामसाहेब, आणि शेवटी, तुमचा विश्वास बसणार नाही, पुन्हा हज्ज मुफ्लिह! (रात्रीत पक्ष बदलला. म्हणाले, योग्य बाजूनं बोलल्याशिवाय जीव शांत होत नाही.) नुहानं कॉफी दिली. त्यांनी कप खाली ठेवले. आणि हज्जनी या वेळी एकही शब्द चुकू न देता खणखणीत आवाजात अकबाच्या समुद्राकाठच्या थोर घराण्यातील, रूपवान, सुशील अशा कुमारी रुश्दी मामा हिच्यासाठी मागणी घातली.

मी उत्तर देणार, तोच आतल्या खोलीतून असा आवाज आला की आम्हाला वाटलं आई पडली. धावलो. आई पलंगावर बसून पोट धरून हसत होती. "कुमारी रुश्दी!" म्हणे आणि पुन्हा हसे. "सुशील!" म्हणे आणि उशी तोंडात धरी. तिला असं हसताना मी अब्बा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मग हसता हसता ती रडायला लागली, आणि ओढणीनं डोळे पुसत तुमचं नाव दोनदा, नीट, स्पष्ट बोलली. मी तिला पाणी दिलं, बाहेर आलो, अबू सुहैलसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते तुमचं झालं." त्याच्या प्रवाळांबद्दल माफी मागायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "कप गार होतोय, गाढवा," आणि मला मिठी मारली.

नवरामुलगा दुसऱ्या दिवशी पिशवीतून आला. तास दीड तास थेंब थेंब आमचं पाणी पाजून, सवय लावून मगच सोडला. 'रुश्दी मामा'नं त्याला दोन दिवस टाकीभर पळवलं, तिसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्यानं तिच्यासमोर अंग थरथरवून शरणागती पत्करली, आणि आता दोघं एकाच कोपऱ्यात झोपतात. अबू सुहैल रोज सूनबाईंची विचारपूस करायला वर येतो. तुमच्या पाण्यानं, हज्जच्या भाषणानं आणि अल्लाच्या कृपेनं माझा मित्र मला परत मिळाला. तुम्हा सगळ्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

मामींना सलाम, हनानच्या पोराचा गालगुच्चा, आणि तुमच्या गुडघ्याला विश्रांती.

तुमचा भाचा,
मुंधिर

ता. क. पुढच्या खेपेला सहाऐवजी आठ कॅन पाठवावेत. लग्नघर आहे.

ता. क. २. खरं तर पुढच्या खेपेला कॅन पाठवूच नका, कारण आम्हीच येतो आहोत. या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर. मी, अबू सुहैल, गणिताचे मास्तर आणि हज्ज मुफ्लिह. कोट घालून. माशासाठी नाही, मामा, आईसाठी. कप खाली ठेवणार आहोत, तेव्हा कृपा करून कॉफी गार होऊ देऊ नका. हज्ज पुन्हा ते सहन करू शकणार नाहीत, आणि मीही. आईला यातलं काही माहीत नाही. हे पत्र तिच्यापासून लपवून पाठवतो आहे.

ता. क. ३. रुश्दी, मी फद्वा. पत्र टेबलावर उघडं टाकून हा खाली गेलाय, म्हणून वाचलं. मी रडले नव्हते, याला काही कळत नाही. बायका जाहात नसतात हे मला शिकवू नकोस, मी खाली गाडीत बसणार आहे. हज्जचं भाषण लांबतं आणि तिकडचं ऊन मला आता सोसत नाही, तेव्हा पहिल्याच वाक्याला "कॉफी घ्या" म्हण आणि खाली ये. जेवायला सयादियाच कर. फक्त कांदा नीट तांबूस होऊ दे. हनानच्या लग्नात तो कच्चा राहिला होता. मला तेवढंच म्हणायचं होतं.