शाळेची शिट्टी

२० जानेवारी १९६२, शनिवार. दिग्रस.

हेडमास्तर आज स्वतःहून म्हणाले, राठोड, स्काउटमास्तरची जागा रिकामी आहे. अर्थ उघड आहे. हेच ते ड्रॉइंगच्या मास्तरलाही म्हणाले, पण ते शिष्टाचार म्हणून. मी जागेवरच सांगितलं, चाळीस पोरांचं सोडा सर, मी दीड वर्षाची मुलगी घेऊन नदीकाठी कॅम्प करून दाखवतो. त्यांनी चष्मा काढून पुसला. इम्प्रेस झाले. नुकतेच कोकणातून बदलून आलेत, असा माणूस पाहिला नसेल. पुढच्या रविवारी इन्स्पेक्शनला येणार. शाळेची शिट्टी ट्रायलसाठी माझ्या हवाली केली. पितळेची, दोरीसकट. आता ती परत जात नाही.

२३ जानेवारी, मंगळवार.

सुखीला प्लॅन सांगितला. नवऱ्याच्या करिअरचं हिला काही पडलेलंच नाही. म्हणे, आपल्या आज्या-पणज्याचा जन्म बैलावर मीठ लादून उघड्यावर मुक्काम करण्यात गेला, घर बांधायले दोन पिढ्या गेल्या, अन तुम्ही कायले पुन्हा तंबू घेऊन निघाले? म्हटलं, तो मुक्काम होता, हा कॅम्प आहे. फरक कळला नाही. जागा सांगितली तशी मात्र एकदम तयार झाली. अरुणावतीच्या काठी, आजोबांच्या वेळी तांडा उतरायचा तिथंच. हिची रुक्मामावशी तिथून हाकेवरच, आताच्या तांड्यात राहते, हे मी साफ विसरलो होतो. कॅम्पमध्ये नातेवाईक चालत नाहीत, असं बजावलं.

तंबूसाठी रहेमान मिस्त्रीनं जिनिंगमधली जुनी ताडपत्री दिली. सरकीचा असा कुबट वास, की शी! मिस्त्री म्हणे, गुरुजी, या वासानं साप बी नाही येणार.

२६ जानेवारी, शुक्रवार.

झेंडावंदन आटोपून बैलांच्या दमणीनं निघालो. आमची पोरगी, रुपी, वाटेत दोनदा ओकली. दोन्ही वेळा माझ्या खाकी हाफपँटवर. दुसरीकडे जागा नव्हती का? शिट्टी हातात दिली की गप्प बसते. तात्पुरती दिली.

तंबू उभा केला. बसला. आता सुखीनं उभा केला आहे. सुपरव्हिजन माझं.

संध्याकाळ. रुपीनं बकरीच्या लेंड्या खाल्ल्या. तोंडात बोट घालून काढल्या तर बोटाला कडकडून चावली. मग त्याच हातानं मी भाकर खाल्ली, हे आत्ता लिहिताना आठवलं. थू! शिट्टी परत मागितली. लाळेनं भरलेली, वर लेंडीचा तुकडा. उद्या धुऊन घेऊ.

२७ जानेवारी, शनिवार.

जाग आली ती ओल्या अंथरुणात. नदी चढली म्हणून ओरडून सगळ्यांना उठवलं. नदी नव्हती.

संकल्प: आजपासून रुपीला शिस्त. शिट्टी वाजली की अटेन्शन. अडचण एवढीच की शिट्टी तिच्याकडे आहे. ती फुंकते अन दचकून मीच उभा राहतो. तिला तो खेळ वाटतो. सुखी तोंडाला पदर लावून हसून राह्यली होती. काय हसण्यासारखं आहे यात?

दूध नासलं. सुखी म्हणे, तांड्यातून आणा. स्पष्ट नाही म्हटलं. कॅम्प म्हणजे सेल्फ-हेल्प. दुपारी रुपी भुकेनं रडायला लागली, तेव्हा गुपचूप जाऊन तांड्यातूनच आणलं. रुक्मामावशीनं पाहिलं. आता आली माझी पीडा.

२८ जानेवारी, रविवार. इन्स्पेक्शन!

तांब्यात निखारे घालून हाफपँटला इस्त्री केली. मागच्या बाजूला गोल जळलं. समोरून उत्तम दिसते.

ऐन वेळी मावशी हजर. आमच्या बंजाऱ्यांत मावशी-भाची वर्षानं भेटली की गळ्यात पडून, सूर लावून रडतात. घरची सगळी खबरबात त्या रडण्यातच सांगायची. न रडता भेटणं म्हणजे अपमान. हात जोडून म्हटलं, इन्स्पेक्शन होऊ द्या, मग पाहिजे तेवढं रडा. कोण ऐकतं! दोघी तंबूच्या दारातच सुरू झाल्या. मावशीचा आवाज म्हणजे जिनिंगचा भोंगा. रुपी आत झोपली होती, ढिम्म हलली नाही. नर्व्ह माझ्यावर गेली आहे. मी दगडावर डोकं धरून बसलो.

तेवढ्यात बांधावर एक सायकल आली, थबकली. माणसानं टोपी काढली, थोडा वेळ उभा राहिला अन परत फिरला. असेल कुणी वाट चुकलेला.

हेडमास्तर संध्याकाळपर्यंत आले नाहीत. शब्दाची किंमत नसलेला माणूस. जळलेली हाफपँट अन मी, दोघंही फुकट गेलो.

२९ जानेवारी, सोमवार. सकाळ.

जिंकलो! बांधावरून अख्खी शाळा येऊन राह्यली! रांगेत, टोप्या हातात, पोरं चिडीचूप. पुढे हेडमास्तर, हातात हार. नव्या स्काउटमास्तरला सलामी! काल आले नाहीत ते याच तयारीसाठी. उगाच बोललो त्यांना. शिट्टी पाहिजे. रुपी कुठं गेली?

दुपार.

घडलं ते असं. हेडमास्तरांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ईश्वरेच्छा. म्हटलं, ती तर आहेच सर, पण मेहनतही आहे. धीर धरा म्हणाले. म्हटलं, धीर भरपूर आहे, उद्यापासून चाळीस पोरं द्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं असावं. हळूच विचारलं, मुलीला कुठं ठेवलं? म्हटलं, राखेत असेल सर, सकाळपासून तिथंच आहे. त्यांच्या हातातला हार खाली पडला.

मग चुलीमागून रुपी निघाली. नागडी, राखेनं माखलेली. शिट्टी फुंकली. स्काउटची चाळीस पोरं खाडकन अटेन्शनमध्ये. मीसुद्धा.

हेडमास्तरांना समजावून सांगितलं, ते भेटीचं रडणं होतं, मरणाचं नव्हतं. त्यांनी विचारलं, मग तुम्ही डोकं धरून का बसला होतात? म्हणजे काल बांधावर सायकलवर आलेले तेच! दुखवट्याचा ठराव झाला होता, शाळेला सुट्टी दिली होती. टोपी घातली अन निघून गेले. हार बकरीनं खाल्ला. पोरं वाटभर हसत गेली, ते इथपर्यंत ऐकू आलं.

३१ जानेवारी, बुधवार. दिग्रस.

ड्रॉइंगच्या मास्तरची ऑर्डर निघाली. मला ती जागा नकोच होती. खाकीची तर किळसच येते. शिपाई निरोप घेऊन दारात बसला आहे, शाळेची शिट्टी परत करा. रुपी मूठ सोडत नाही. ओढली तर चावते. सुखी म्हणे, तिनं कमावली ती, राहू द्या.

आत्ता पुन्हा वाजली. उभ्यानंच लिहून राह्यलो.