मूळ गीत : पारंपरिक

दि. ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. माझा पहिलाच हिंदी सिनेमा, तोही खुनाचा, आणि दिग्दर्शकाला त्यात लोकगीतांचं संगीत हवं. महिनाभर त्याने माझ्या एकेका चालीला नाक मुरडलं. शेवटी जीव मुठीत धरून तुझी कॅसेट लावली. शिवणयंत्रावर बसून तू म्हणतेस ते, ‘भोंगा वाजला, पाऊल वाजेना, दाराची कडी बाई निजेना’. गडी ताठ बसला. आता खुनी घरात शिरतो तिथे हेच गाणं आहे. पत्र्याच्या डब्यावर बोटांचा ठेका आणि मागे एकच सारंगी. पुढचे शब्द हिंदीत, ध्रुवपद मात्र तुझंच.

एक अडलंय. गाणं पारंपरिक आहे, कुणा एकाचं नाही, असं घरातल्या वडीलधाऱ्यांनी लिहून द्यावं, असा कंपनीचा हट्ट आहे. सोबतच्या कागदावर सही करून पाठव. वीस तारखेला पडद्यावरची नावं पक्की होतात. तोवर कागद आला नाही तर गाणं जाईल आणि त्याच्यामागून मी. आमचा सारंगीवाला चेष्टा करतो, एवढ्या जुन्या गाण्यात गिरणीचा भोंगा कुठून आला म्हणून. काकांना नमस्कार.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
टकटक्या

दि. ९ मार्च

चि. टकटक्यास,
अनेक आशीर्वाद.

सही केलेली नाही. कागद परत पाठवते आहे. तुझ्या सारंगीवाल्याचा कान तिखट आहे. ते गाणं माझं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी केलेलं. पाच वाजता गिरणीचा भोंगा व्हायचा आणि मी तुझ्या काकांची वाट बघायला लागायची. ते कचेरीतून सातला येत. अशी अकरा गाणी वहीत होती. एक दिवस त्यांनी वही वाचली आणि चुलीत घातली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तेव्हापासून कुणी विचारलं की सांगते, आईकडून आलेलं जुनं गाणं आहे. जुन्या गाण्याला कुणी हरकत घेत नाही. अडतीस वर्षं खोटं बोलले, पण तोंडी. सही करून बोलवत नाही. आणि खरं लिहून द्यावं तर या वयात घरात काय होईल याची भीती वाटते. तेव्हा गाणं काढून टाक. तुझं नुकसान होतंय हे कळतं, फार वाईट वाटतं. उत्तर शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

आठवण काढत राहा.
मावशी

दि. १३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गाणं काढत नाही. दिग्दर्शकाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाईंचं नाव मिळत असेल तर पारंपरिक कशाला लिहायचं. संमतिपत्र सोबत आहे. नाव कसं लिहायचं, माहेरचं की सासरचं, ते तू भर. काकांची वाट बघत केलेलं गाणं, त्यात त्यांना वही जाळण्याइतका राग येण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. तरी नाही म्हणालीस तर मी सिनेमा सोडेन, पण त्यावर पारंपरिक असं लिहू देणार नाही. पोस्टाची वेळ होत आली, घाईत लिहितोय. सात दिवस उरलेत.

तुझ्या उत्तरावर टांगलेला,
टकटक्या

दि. १६ मार्च

चि. संगीतकारास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी वाचलं. पाकिटावर तू सवयीने माझं नाव आणि घरचा पत्ता घातला होतास. ती वर्गाला गेली आहे. तिला अजून काही माहीत नाही.

वही मी जाळली, हे खरं. भोंगा पाचला व्हायचा, मी सातला यायचो. गाण्यातली बाई भोंगा ऐकून दाराशी उभी राहते. मला वाटलं, गिरणीतून सुटणाऱ्या कुणाची तरी वाट आहे. विचारायची हिंमत झाली नाही. पुढे ती यंत्रावर बसून ते गुणगुणायला लागली, की मी चपला घालून बाहेर पडायचो. जुनं गाणं आहे हे तिचं म्हणणं बाकी सगळ्यांना पटलं होतं. मी वही वाचली होती, मला कसं पटावं? वाट माझी होती, हे आज तुझ्या पत्रातून कळलं.

ती आली की पत्र आणि संमतिपत्र मी तिच्या हातात देणार आहे. वही का जाळली, तेही सांगणार आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही, सांगता येत नाही. नाव कुठलं लिहायचं ते तिचं ती ठरवील. माझं आडनाव तिने लावलं नाही तरी माझी तक्रार नाही.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. मला तो आधी घरात मागायचा आहे.

काका