भुजा नसलेली दीर्घिका

प्रिय सुरभी,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, होळीला आले तर आई मला ओळखेल ना?" आणि मी वांग्याच्या भावावर घसरलो. बाप टाळतोय हे तुला कळलंच असेल. पण आई शेजारीच वालाच्या शेंगा सोलत बसली होती, आणि ते उत्तर तिच्यासमोर देण्यासारखं नव्हतं. आज शेजारची उज्वला तिला मंदिरात घेऊन गेली आहे, म्हणून कागद घेतला.

दिवाळीत तू लॅपटॉपवर तुझी दीर्घिका दाखवलीस, तेव्हा मी म्हणालो होतो, पुण्याला जाऊन एवढी वर्षं या डागाकडे बघत बसलीस होय? तू हसलीस आणि पोराला अक्षर गिरवून द्यावं तसं पडद्यावर बोट फिरवलंस. मधे जाड, तेजस्वी गाठ. तिच्यातून आरपार गेलेला ताऱ्यांचा सरळ दंड. दंडाच्या टोकांना टेकलेलं पुसट कडं, आणि भोवती पसरलेली मऊ तबकडी. बाजूने पाहिली तर मसुराच्या दाण्यासारखी दिसते, म्हणून भिंगाकार. आपल्या आकाशगंगेसारख्या वळणदार भुजा मात्र हिला नाहीत. आई मागे उभी होती. म्हणाली, "दिसते तं मस्त, पण इचे हात कोठी गेले?" त्या प्रश्नावर तू किती खूश झालीस. तिने तुला विचारलेला तो शेवटचा शहाणा प्रश्न होता, हे तेव्हा आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तू तिला सांगितलंस की तारे ज्या वायूतून जन्मतात तो वायूच हिच्यात उरलेला नाही. काही त्या दंडाने मध्याकडे ओढून नेला असेल, काही शेजारच्या दीर्घिकांच्या गर्दीत ओरबाडला गेला असेल, पक्कं कारण अजून कळलेलं नाही. आता नवे तारे जवळजवळ जन्मत नाहीत. जुने, पिवळे-तांबूस तारे मात्र अब्जावधी वर्षं तेवत राहतील. वर्ध्याच्या डॉक्टरांनी आईच्या मेंदूचा फोटो उजेडावर धरला, तेव्हा मला तुझा लॅपटॉप आठवला. तेही तेच म्हणाले. कारण सांगता येत नाही, जुनं बरंचसं राहील, नवं टिकणार नाही. येताना एसटीत पुलगावपर्यंत आई खिडकीतून दिसेल ते शेत कोणाचं ते सांगत होती. त्यातले निम्मे लोक कधीच वारले.

मेथीचं तुला बोललो नाही. सकाळी ती वाफ्यात बी टाकायची, दुपारी विसरायची, की पुन्हा त्याच वाफ्यात टाकायची. आठवडाभर मला पत्ता नाही. उगवली ती इतकी दाट की बोटभर होऊन पिवळी पडली आणि जागीच सडली. जिच्या हातच्या मेथीसाठी नाचणगावच्या बाया बाजारात ताटकळायच्या, तिचा वाफा असा गेला. विचारलं तर म्हणते, "मी कवा पेरली? आत्ता तं आली वावरात." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर पदराने पुसून दिलं आणि विचारलं, कांदा चिरला का म्हणून.

तुला ती विसरलेली नाही, सुरभी. पण तिची सुरभी चौथीत आहे. रोज ऊन उतरलं की दारात बसते. "काऊन हो, पोरगी आली नाई अजून शाळेतून?" येईल, म्हणतो. दुसरं काय म्हणणार.

मागच्या रविवारी मी मोठ्या हौसेने तुझा पदवीदानाचा फोटो तिच्या हातात दिला. "हे बाई कोन हाय?" मी म्हणालो, आपली सुरभी. तिने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. मग फोटो टाकून किंचाळली, "मंग माही पोरगी कोठी नेली तुमी?" आणि अनवाणी नाल्यापर्यंत धावली, तुला हाका मारत. मी आणि उज्वलाने धरून आणली. काही केल्या थांबेना, तेव्हा मी म्हणालो, चुकलं माझं, या सुरभीच्या शाळेच्या मॅडम आहेत, होळीला आपल्याकडे राहायला येतायत. तशी ती शांत झाली, आणि तुझ्यासाठी पेटीतली कोरी चादर काढायला गेली. दुसऱ्या दिवशी विसरली. आता मी रोज नव्याने सांगतो आणि ती रोज नव्याने खूश होते.

एवढ्यासाठी हे पत्र. ये, पोरी, पण मॅडम होऊन ये. दारात तिला आई म्हणू नकोस, मला बाबा म्हणू नकोस. ती तुझ्या ताटात वाढताना विचारेल, माही पोरगी अभ्यासात कशी हाय. हुशार आहे म्हण. आणि शाळा सुटली की थेट घरीच येते, असं सांग.

कागदावर तरी तुझाच,
बाबा